बाळाच्या तोंडातला पांढरा थर तिसऱ्यांदा आलाय, काय चुकतंय?

पिंपळपान
नमस्कार मंडळी, बाळंतपणानंतर पहिल्यांदाच धागा काढतेय आणि एका हाताने टाइप करतेय त्यामुळे चुका पोटात घाला. लेक पावणेतीन महिन्यांची आहे, फक्त अंगावर पिते. पाचव्या आठवड्यात जिभेवर पांढरं दिसायला लागलं. सासूबाई म्हणाल्या दूध साचलंय, आणि रोज अंघोळीनंतर ओल्या फडक्याने पुसायला लागल्या. मलाही ते पटलं कारण सगळ्याच बाळांची जीभ पांढरट असते असं ऐकलेलं. मग एकदा ती जोरात रडत होती तेव्हा तोंडात नीट बघितलं तर दोन्ही गालांच्या आतून आणि वरच्या टाळ्याला नासलेल्या दुधाचे कण चिकटावेत तसं काहीतरी होतं. पुसायला गेले तर निघेना, थोडं जोर लावून पुसलं तर खाली लालबुंद आणि चक्क रक्ताचा ठिपका. ती किंचाळली आणि मी पण रडले.

डॉक्टरांनी बघताक्षणी थ्रश म्हणजे बुरशी सांगितलं, क्लोट्रिमाझोलचा माउथ पेंट (तोंडात लावायचं पातळ औषध) दिला, दिवसातून तीनदा. चार दिवसांत साफ, मग आम्ही बंद केलं. दहा दिवसांनी परत हजर. परत लावलं, पाच दिवसांत गेलं, बंद केलं. आता हे तिसऱ्यांदा. यावेळी नवीन म्हणजे ती दोन मिनिटं दूध ओढते, सोडते, रडते, परत शोधते.

घरात शीतयुद्ध चालू आहे. सासूबाई म्हणतायत तुझं दूध उष्ण पडतंय, टाकणखाराची लाही मधातून लाव, दोन दिवसांत जाईल. मी नको म्हटलं तर "आम्ही काय मुलं वाढवली नाहीत का" वगैरे. मला भांडायचं नाहीये पण हे परत परत का येतंय? तिची इम्युनिटी कमी असेल का? रात्री तीन वाजता गूगल करून नको नको ते वाचलंय.

गोदाकाठ
आधी तर गूगल बंद कर बाई. इम्युनिटीचं सोड, तीन महिन्यांच्या आतल्या कितीतरी बाळांना हे होतं, माझ्या दोघांनाही झालेलं. फक्त जिभेवर एकसारखा पातळ थर असेल आणि ओल्या फडक्याने निघत असेल तर ते दूध. गालात, हिरड्यांवर, ओठांच्या आत ठिपके असतील आणि निघत नसतील तर थ्रश. तुझं दुसरंच दिसतंय. पण प्लीज ते पुसणं थांबवा, जखम होते.

टाकळा
आता मला शिव्या पडणार हे माहीत असून लिहितो. आम्ही सहा भावंडं, सगळ्यांची तोंडं टाकणखाराची लाही आणि मध यावर बरी झाली. तव्यावर फुलवायचा, बारीक पूड करायची, मधात कालवून बोटाने लावायची. आमच्या गावात डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचा. आज सगळे धडधाकट आहोत, थोरला भाऊ ७४ चा आहे. जुनं ते सगळंच टाकाऊ कसं? हे माझं वैयक्तिक मत.

ओपीडीवाला
टाकळा, शिव्या नाही, पण उत्तर द्यावं लागेल. मी लहान मुलांचा डॉक्टर आहे, रोज एकतरी टाकणखारवालं बाळ येतंच.

टाकणखार म्हणजे बोरॅक्स. तुम्ही लावता तोंडात, पण बाळ ते गिळतं, आणि पोटातून ते सहज रक्तात जातं. थोडं थोडं रोज गेलं तर अंगात साठत राहतं. १९८३ साली ब्रिटनच्या एका बालरोग जर्नलमध्ये ७ बाळांची हकिकत आली होती, चोखणीला बोरॅक्स आणि मध यांचं मिश्रण लावून द्यायचे आणि बाळांना झटके यायला लागले. चोखणी बंद केली, झटके थांबले. म्हणजे अगदी आपल्या आजीचाच बटवा, फक्त साहेबाच्या घरातला. तुम्ही सहाजण बरे राहिलात याचा आनंद आहे, पण ज्यांना त्रास झाला त्यांच्या झटक्यांना तेव्हा कुणी टाकणखाराशी जोडलं नसेल, "बाळग्रह झाला", "नजर लागली" असंच काहीतरी म्हटलं असेल.

आणि मध वर्षाच्या आत अजिबात नाही. चाटवायचा नाही, घुटीतून नाही, औषध कालवायला पण नाही. त्यात बॉट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात, मोठ्यांच्या आतड्यात ते काही करू शकत नाहीत, तान्ह्या आतड्यात रुजतात आणि विष तयार करतात, बाळ लुळं पडतं. असं क्वचितच होतं, पण ज्याच्या घरी होतं त्याला क्वचित शब्दाचा काय उपयोग. मध घरचा, शुद्ध, जंगलातला असला तरी तेच.

आता पिंपळपान, तुमचं. ही बुरशी म्हणजे कॅन्डिडा, बहुतेक वेळा कॅन्डिडा अल्बिकन्स. ती तुमच्या माझ्या सगळ्यांच्या अंगावर, तोंडात, आतड्यात राहतेच. बाळाला बऱ्याचदा जन्माच्या वेळीच आईकडून मिळते. मोठ्यांच्या तोंडात बाकीचे जंतू तिला डोकं वर काढू देत नाहीत, बाळाच्या तोंडात अजून ती वस्तीच पुरती बसलेली नसते. त्यात बाळाला किंवा आईला अँटिबायोटिक झालं असेल तर मैदान मोकळंच. दूध उष्ण पडण्याचा काही संबंध नाही.

परत येतंय त्याची कारणं बहुतेक तुम्ही स्वतःच लिहिलीयत. चार दिवसांत बंद केलंत. पांढरं दिसेनासं होणं म्हणजे बुरशी गेली असं नाही, वरचं गवत कापलं आणि मुळं तशीच. साधारण ७ ते १४ दिवसांचा कोर्स असतो आणि दिसायचं बंद झाल्यावर निदान दोन दिवस तरी पुढे चालू ठेवायला सांगतात. तुमच्या डॉक्टरांनी किती दिवस सांगितले होते? प्रिस्क्रिप्शन काढून बघा जरा.

दुसरं, तुम्हाला स्वतःला काही त्रास आहे का? पाजताना?

भटकी_मांजर
मी इंग्लंडमध्ये लेस्टरला असते, मुलगा सहा आठवड्यांचा असताना सेम. इथे हेल्थ व्हिजिटरने म्हणजे बाळ बघायला येणाऱ्या नर्सने आधी बघितलं मग जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे पाठवलं. निस्टॅटिनचे थेंब दिले होते, १ मिलीत १ लाख युनिट असं बाटलीवर लिहिलेलं, मी घाबरलेच एवढा आकडा बघून, पण ते मोजायचं माप आहे म्हणे. १ मिली, दिवसातून चारदा. दूध पाजून झाल्यावर अर्धं एका गालात अर्धं दुसऱ्या गालात, आणि नंतर अर्धा तास काही द्यायचं नाही म्हणजे औषध तिथे टिकतं. आधी द्यायचे तर दुधाबरोबर वाहून जाणार ना. बाटली मात्र दणकून हलवायची, औषध तळाशी बसतं.

मायकोनाझोलचं जेल पण असतं पण ते इथे चार महिन्यांच्या आत देत नाहीत कारण चिकट असतं, घशात गोळा अडकून बाळ गुदमरू शकतं. मोठ्या बाळाला पण एकदम चमचाभर घालायचं नाही, बोटाने थोडं थोडं, जिभेच्या मागे नाही.

आणि हो, मला पण क्रीम दिलेलं. दोघांचं एकाच वेळी, नाहीतर म्हणे बुरशी एकमेकांना परत परत देत तुम्ही पिंगपाँग खेळत बसाल.

पिंपळपान
@ओपीडीवाला तुम्ही विचारलंत आणि मी हातातला चहा खाली ठेवला. हो! पाजून झाल्यावर दोन्हीकडे मिरची लागल्यासारखी आग होते, अर्धा तास तरी. निपल गुलाबी, चकचकीत, जरा भेगाळल्यासारखे. पहिल्या महिन्यात दुखत नव्हतं म्हणून मला वाटलं आता ती जोरात ओढते म्हणून असेल. डॉक्टरांना सांगितलंच नाही, पुरुष डॉक्टर, सासरे बरोबर, कसं सांगणार. आणि अजून एक, तिला डायपरच्या जागी लाल झालंय, मी झिंकचं क्रीम लावतेय पण दोन आठवडे जात नाहीये, कडेने बारीक बारीक लाल ठिपके पण आहेत.

प्रिस्क्रिप्शन सापडलं. दहा दिवस लिहिलंय. 🤦

ओपीडीवाला
😀 दहा दिवस. ठीक आहे, गुन्हा कबूल झाला.

कडेने सुटे सुटे ठिपके हे बुरशीच्या डायपर रॅशचं अगदी ठरलेलं लक्षण. तोंडातून गिळलेली बुरशी खालून बाहेर पडते. मांडीच्या घड्यांमध्ये जास्त लाल असेल बघा. झिंक नुसतं पांघरूण घालतं, बुरशीला मारत नाही, त्यासाठी बुरशीचं क्रीम लागतं. घरात मोठ्यांचं स्टेरॉइड मिसळलेलं खाजेचं क्रीम असेल तर ते मात्र लावू नका, दोन दिवस छान दिसेल आणि मग भडकेल.

आगीबद्दल, थ्रश असू शकतो, पण आईची प्रत्येक आग थ्रश नसते. बाळ नीट धरत नसेल, त्वचेला एक्झिमा असेल, थंडीत निपल पांढरे पडून दुखत असतील, तरी असंच दुखतं. म्हणून इथे वर्णन वाचून क्रीम लावू नका, प्रत्यक्ष दाखवा. सासरे बरोबर असतील तर त्यांना बाहेर बसवा, किंवा तुमच्या प्रसूतीच्या डॉक्टरांकडे जा. पाजणं बंद करायचं नाही, दुखत असलं तरी.

मीठभाकर
बाबा लोकांच्या वतीने एक. बाळ नाही, चार वर्षांचा मुलगा. त्याला दम्यासाठी ब्युडेसोनाइडचा पंप चालू आहे, स्पेसरमधून (पंपाला जोडायची प्लास्टिकची नळी), सकाळ संध्याकाळ. एक दिवस आरशासमोर जीभ काढून उभा आणि मला सांगतो, "बाबा, आजोबांचा चुना माझ्या तोंडात आलाय." आजोबा तंबाखू मळतात त्यामुळे पहिला संशय त्यांच्यावर आणि त्या दिवशी घरात जे रामायण झालं ते विचारू नका. म्हातारा माणूस शपथा घेतोय मी नाही दिला म्हणून. दुसऱ्या दिवशी डॉक्टर हसले, म्हणाले स्टेरॉइडचा पंप घेतल्यावर चूळ भरता का? आम्ही पंप द्यायचो आणि थेट शाळेच्या रिक्षात. औषध फुफ्फुसात जायला हवं, त्यातलं थोडं जिभेवर घशात बसतं आणि तिथली बुरशी माजते.

आता नियम असा, आधी पंप, मग ब्रश आणि चूळ. स्पेसर आठवड्यातून एकदा साबणाच्या पाण्यात बुडवून काढायचा आणि न पुसता तसाच वाळवायचा, फडक्याने पुसला तर आत स्टॅटिक येतं आणि औषध भिंतींना चिकटतं. डॉक्टरांनी बजावलं की थ्रशला घाबरून पंप बंद करू नका, ते जास्त महागात पडेल. आजोबांची माफी मागून झाली आहे.

कोकणकडा_आजी
मला कुणी जांभळ्या औषधाचं आठवतंय का? चिपळूणला आमच्या सरकारी दवाखान्यात सिस्टर कापसाच्या बोळ्याने जेन्शन व्हायोलेट लावायच्या. थोरलीच्या तोंडाला लावलं आणि त्याच दिवशी तिचे आजोबा मुंबईहून आले बघायला, बाळ हसलं तर तोंड सगळं जांभूळ खाल्ल्यासारखं. झबली, दुपटी, माझे ब्लाऊज, सगळं जांभळं, एकही डाग जन्मात निघाला नाही. पण गुण यायचा हो. ते हल्ली का देत नाहीत?

ओपीडीवाला
आजी, यायचा गुण, खरंय. सरकारी कार्यक्रमात पाव टक्क्याचं पातळ द्रावण वापरायचेच, स्वस्त आणि टिकाऊ. पण जरा कडक द्रावण लागलं की तोंडातच फोड यायचे. शिवाय प्राण्यांवरच्या अभ्यासात कर्करोगाची शंका निघाली, २०१९ मध्ये कॅनडाच्या आरोग्य खात्याने वापरू नका असंच सांगितलं. थोरलीची काळजी करू नका, चार दिवस लावलेल्याने काही होत नाही. पण आता त्यापेक्षा चांगली औषधं आहेत, मग कशाला.

चहाबाज
वाचनमात्र होतो पण हे लिहायलाच हवं. एकाच नावाखाली क्लोट्रिमाझोलचं क्रीम, पावडर, माउथ पेंट आणि कानात घालायचे थेंब असं सगळं मिळतं. रात्री दहाला मेडिकलमध्ये गेलो, गर्दी, फोनवर फोटो दाखवला, पोराने पिशवीत टाकलं, घरी आलो. बायकोने झाकण उघडून बोटावर घेतलं आणि सवयीने खोका वाचला म्हणून वाचलो. कानाचे थेंब. त्यात दुखू नये म्हणून लिग्नोकेन घातलेलं असतं, बधिर करणारं. तान्ह्या बाळाच्या तोंडात ते गेलं असतं तर काय झालं असतं ते डॉक्टरांनी सांगितलं आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. खोका वाचा. दुकानातच वाचा. चष्मा घालून वाचा.

ओपीडीवाला
+१००. त्यातच अजून एक, तोंड आलं की लावायचं ते थंडगार जेल, मोठ्यांचं, कोलिन सॅलिसिलेटवालं, ते बाळांना नको. ते अ‍ॅस्पिरिनच्या घराण्यातलं. ब्रिटनमध्ये २००९ पासून १६ वर्षांखालच्यांना देऊ नका म्हणतात. आणि थ्रशवर त्याचा उपयोग तसाही शून्य.

जुनी_वही
अवांतर आहे पण राहवत नाही. भटकी_मांजरने निस्टॅटिनचं नाव घेतलं ना, त्या नावात न्यूयॉर्क स्टेट दडलंय. एलिझाबेथ हेझन आणि रेचेल ब्राऊन या दोघी न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यात कामाला, एक न्यूयॉर्क शहरात आणि दुसरी ऑल्बनीला, मध्ये दोनशेक किलोमीटर. हेझन मातीतले जंतू वाढवायची, बुरशीला मारतायत असं दिसलं की काचेच्या बरणीत भरून चक्क पोस्टाने पाठवायची, ब्राऊन त्यातून औषधी भाग वेगळा काढून परत पोस्टाने पाठवायची. बरण्या पोस्टातून येतायत जातायत, आपल्याकडे लोणच्याच्या जातात तशा. शेवटी जमलं ते व्हर्जिनियातल्या एका मैत्रिणीच्या डेअरीच्या मातीतून, तिथल्या नोर्स आडनावाच्या कुटुंबावरून त्या जंतूला नोर्साय म्हणतात. १९५० साली जाहीर केलं. पेटंटचे १ कोटी ३० लाख डॉलर आले ते दोघींनी संशोधनाला देऊन टाकले, स्वतःला काही ठेवलं नाही. आणि १९६६ मध्ये इटलीत फ्लॉरेन्सला पूर आला तेव्हा बुरशी चढलेल्या जुन्या चित्रांवर पण हेच औषध मारलं होतं. बाळाच्या गालातलं आणि चित्रावरचं, एकच.

टाकळा
ही पोस्टाची गोष्ट आवडली.
डॉक्टर, झटक्यांचं मला खरंच माहीत नव्हतं. थोरल्या बहिणीला फोन केला. ती म्हणाली टाकणखार लावायचे हे बरोबर, पण आई बोंडलं आणि वाटी-चमचा रोज चुलीवर खदखदा उकळायची, ते तू विसरलास. आणि आम्ही सहा नाही, आठ होतो. दोन तान्हेपणी गेली. कशाने ते तिलाही माहीत नाही. मी यावर जास्त बोलत नाही.

गोदाकाठ
टाकळा काका 🙏

पिंपळपान
अपडेट. बारा दिवस झाले म्हणून आता लिहितेय, आधी लिहिलं असतं तर नजर लागली असती.

यावेळी आईला घेऊन गेले, सासऱ्यांना गाडी पार्क करायला पाठवलं. डॉक्टरांनी मला पण तपासलं आणि तिची मांडी पण. औषध तेच क्लोट्रिमाझोल पण तीन ठिकाणी, तिच्या तोंडात पेंट, खाली क्रीम, आणि मला क्रीम, पाजून झाल्यावर अगदी पातळ लावायचं आणि पुढच्या वेळेआधी काही उरलं असेल तर हलकं पुसून घ्यायचं. पूर्ण दहा दिवस, कॅलेंडरवर फुल्या मारून.

मग म्हणाले मला औषध कसं लावता ते करून दाखवा. मी ड्रॉपर तिच्या गालाला टेकवून थेंब सोडला आणि ड्रॉपर परत बाटलीत. ते नुसते बघत राहिले माझ्याकडे. म्हणजे मी इतके दिवस तोंडातली बुरशी बाटलीत आणि बाटलीतलं तोंडात करत होते! नवीन बाटली आणली. आता थेंब आधी माझ्या धुतलेल्या बोटावर घेते आणि बोटाने लावते, गालात, हिरडीवर, ओठाच्या आत, शेवटी जिभेवर.

दुसरा शोध सासूबाईंनी स्वतःच लावला. ते जीभ पुसायचं फडकं. रोज धुऊन बाथरूममध्ये नळामागच्या खुंटीवर वाळत घालायचो, तिथे ऊन तर सोडाच वारा पण लागत नाही, दुसऱ्या दिवशी हात लावला तर दमटच असायचं, आणि तेच परत तोंडात. त्या काहीच बोलल्या नाहीत. संध्याकाळी बघितलं तर फडकं केरात आणि गॅसवर मोठ्या पातेल्यात माझ्या ब्रेस्ट पंपाचे भाग, चमचे, वाट्या, सगळं उकळतंय, एक खुळखुळा पण वितळला त्यात.

तोंड साफ आहे. माझी आग सहाव्या दिवशी थांबली. मांडीतला लालपणा अजून थोडा आहे, रोज दोन तास डायपरशिवाय ठेवतोय, चादरींची संख्या संपत आलीय. एक विचारायचंय, परत आलंच तर चाचण्या वगैरे करायच्या का?

ओपीडीवाला
छान. ड्रॉपरची गोष्ट मी उद्यापासून ओपीडीत सांगणार, नाव न घेता.

परत आलं तर आधी हीच यादी तपासा, लगेच घाबरू नका. वरून लावून खरंच जात नसेल तर पोटातून द्यायचं फ्लुकोनाझोल असतं, वजनाप्रमाणे, ते डॉक्टरच देतील, मेडिकलमधून मागून आणायचं नाही. चाचण्यांचा विचार कधी, तर बाळाचं वजन वाढत नसेल, सारखे न्यूमोनिया, जुलाब, कान फुटणं असं चालू असेल, किंवा एक वर्षाच्या पुढच्या मुलाला पंप नाही, अँटिबायोटिक नाही, तरी वारंवार येत असेल तेव्हा. आणि ताप असेल, दूध अजिबात घेत नसेल, लघवी कमी झाली असेल तर थ्रश असो नसो, वाट न बघता त्याच दिवशी दाखवा. तोंडात फोड आणि हातापायावर पण पुरळ असेल तर ते वेगळंच, व्हायरल, त्याला बुरशीचं औषध नाही.

तुमच्या लेकीचं वजन किती भरलं?

पिंपळपान
पाच किलो चारशे. 😊

आणि आत्ता बाहेरच्या खोलीतून ऐकू येतंय, सासूबाई त्यांच्या बहिणीला फोनवर सांगतायत, "वर्षाच्या आत मध नाही हो द्यायचा, तुला एवढं पण माहीत नाही का गं?"